डबलसीट

वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी माणसाने काय घ्यावं, याबद्दल आमच्या शाखेत दोन मतं आहेत. ब्रँच मॅनेजरांच्या मते टर्म इन्शुरन्स, आणि शिपाईमामांच्या मते माळ. मी मोटारसायकल घ्यायचं ठरवलं.

तीही साधी नव्हे, क्रूझर. जेवणाच्या सुट्टीत मी हे जाहीर केलं तेव्हा हेड कॅशियर थालीपिठाचा घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले.

"क्रूझर म्हणजे वडापची? अहो, तिच्यात चौदा माणसं बसतात. तुमच्या घरात चारच."

साताऱ्याकडे क्रूझर म्हटलं की एस. टी. स्टँडबाहेर उभी असलेली आणि "कराड, कराड" असं ओरडणारी जीप डोळ्यांपुढे येते, त्यात हेड कॅशियरांचा दोष नाही. मी त्यांना समजावून सांगितलं की क्रूझर हा मोटारसायकलचाही एक प्रकार असतो. सीट बुटकी, हँडल उंच आणि आपल्याकडे वळलेलं, पाय ठेवायची जागा पुढे, आणि एकूण थाट असा, की सरदार बैठकीतून न उठताच मोहिमेवर निघालेत. लांबच्या पल्ल्याला आरामाची.

"लांबचा पल्ला म्हणजे कुठे?"

"कन्याकुमारी."

ते घास चावत बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "रजा शिल्लक आहे का?"

मी कॉमर्सचा पदवीधर आणि बावीस वर्षं बँकेत कारकून. कुणी साधं पन्नास हजारांचं कर्ज मागितलं तरी आम्ही त्याचे तीन वर्षांचे ताळेबंद मागतो. मग स्वतःचे अडीच लाख घालायचे तर त्या जातीची पूर्वपीठिका तपासायला नको? म्हणून मी मोटारसायकलचे गेल्या एकशेचाळीस वर्षांचे ताळेबंद काढून बसलो. बसलो म्हणजे उशी घेऊन. कारण माझ्या कमरेत चौथा आणि पाचवा मणका यांच्यात गेली तीन वर्षं बोलणं बंद आहे.

पहिली नोंद १८८५ची. जर्मनीत कानश्टाट इथे गॉटलीब डायम्लर आणि विल्हेल्म मायबाख या दोघांनी एक लाकडी सांगाडा केला, त्यात अर्ध्या अश्वशक्तीचं इंजिन बसवलं, आणि गाडी कलंडू नये म्हणून दोन्ही बाजूंना छोटी चाकं लावली. आपण लहान मुलांच्या सायकलला लावतो तशीच. जगातली पहिली पेट्रोलवर चालणारी मोटारसायकल ती हीच, असं सगळे मानतात. नोव्हेंबरमध्ये डायम्लरसाहेबांनी ती चालवायला मुलाला दिली. स्वतः बसले नाहीत. बापांची ही दूरदृष्टी पुढच्या प्रसंगात दिसून येते. त्या काळी इंजिनातला जाळ पेटवायला एक तापलेली नळी असे आणि ती नेमकी सीटच्या खाली होती. चिरंजीव पाऊल काही किलोमीटर गेले आणि सीटने पेट घेतला, असं सांगतात.

म्हणजे बघा, मोटारसायकलचा इतिहास सुरू होतो तोच सीटच्या तक्रारीपासून. हे वाचून मला फार धीर आला. प्रश्न माझ्या मणक्याचा एकट्याचा नव्हता, परंपरा होती.

दुसरी नोंद १९०३ची. जॉर्ज वायमन नावाचा एक अमेरिकन गृहस्थ १६ मे रोजी सान फ्रान्सिस्कोहून न्यूयॉर्कला निघाला. त्याची मोटारसायकल म्हणजे सव्वा अश्वशक्तीचं इंजिन लावलेली जवळजवळ सायकलच. पश्चिम अमेरिकेत तेव्हा रस्ते म्हणण्यासारखे नव्हतेच, म्हणून हा पठ्ठ्या कितीतरी अंतर रेल्वेच्या रुळांमधून, स्लीपरांवरून गाडी घालत गेला. ज्यांनी कधी लोकलच्या रुळांवरून चार पावलं टाकली असतील त्यांनी कल्पना करावी: प्रत्येक स्लीपरला एक धक्का, असे शेकडो मैल. न्यूयॉर्क जवळ आलं तेव्हा इंजिनाने राम म्हटला. शेवटचे सुमारे दीडशे मैल त्याने पायडल मारत काढले. पन्नास दिवसांनी तो पोचला. स्वयंचलित वाहनाने अमेरिका आडवी पार करणारा तो पहिला माणूस. ज्या मोटारगाडीवाल्याचं नाव मागाहून गाजलं, तो त्याच महिन्यात, पण वीस दिवसांनी पोचला.

त्याच वर्षी त्याच देशात मिलवॉकी गावात हार्ले आणि डेव्हिडसन मंडळींनी एका लाकडी खोपटात आपला कारखाना सुरू केला. माझं लक्ष त्यांच्याकडेच होतं. कारण क्रूझर म्हटलं की जगात त्यांचंच नाव पहिलं निघतं.

पण मधे एक नोंद आडवी आली. १९१६ साली ऑगस्टा आणि ॲडलिन व्हॅन ब्युरेन या दोन सख्ख्या बहिणी न्यूयॉर्कहून कॅलिफोर्नियाला मोटारसायकलने गेल्या. महायुद्धात निरोप पोचवायचं काम बायकाही करू शकतात हे त्यांना सैन्याला दाखवायचं होतं. वाटेत चौदा हजार फुटांच्या पाइक्स पीकवर गाड्या चढवल्या. वाटेतल्या गावांत पोलिसांनी त्यांना धरलंही. गाडीच्या वेगासाठी नव्हे, तर पुरुषांचे कपडे घातले म्हणून. सुमारे दोन महिन्यांनी त्या पोचल्या. सैन्याने तरी घेतलं नाही ते नाहीच.

मी ही हकिगत रात्री आमच्या हिला मोठ्या उत्साहाने वाचून दाखवली. मला वाटलं ती म्हणेल, धन्य त्या बहिणी. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "दोघी बहिणी आणि मोटारसायकली किती?"

"दोन. दोघींना वेगवेगळ्या."

"बरोबर. मागच्या सीटवर कुणीच बसलं नाही. शहाण्या होत्या."

मी हे वाक्य तेव्हा नोंदवून ठेवलं नाही. कारकुनाने तोंडी सूचना लिहून घ्याव्यात, असा आमच्याकडे नियमच आहे. तो मी मोडला आणि त्याचा दंड पुढे भरला.

आता आरामाच्या खात्याकडे वळू. हार्लेच्या मोठ्या गाड्यांचा ताळेबंद वाचायला सोपा आहे, कारण त्यांनी आरामाचा प्रत्येक हप्ता गाडीच्या नावातच लिहून ठेवला. १९४९ साली पुढच्या चाकाला तेल भरलेले शॉकअप आले, गाडीचं नाव हायड्रा-ग्लाइड. १९५८ साली मागच्या चाकालाही आले, नाव ड्युओ-ग्लाइड. १९६५ साली बटण दाबून सुरू होऊ लागली, नाव इलेक्ट्रा-ग्लाइड. याचा अर्थ, १९०३ ते १९५८ अशी पंचावन्न वर्षं त्या अवाढव्य गाड्यांच्या मागच्या चाकाला स्प्रिंग नव्हतं. होतं ते फक्त सीटच्या खाली. चालवणाऱ्याला झुलवायचं आणि गाडीला आदळू द्यायचं, असा तो हिशेब. आमच्या मुख्य कार्यालयात खुर्च्यांचं वाटप याच तत्त्वावर होतं.

याउलट विलायतेतल्या रॉयल एन्फील्डने १९४९ सालीच आपल्या बुलेटला मागचं झुलतं चाक दिलं होतं. म्हणजे हार्लेच्या नऊ वर्षं आधी. हीच बुलेट आपल्या लष्कराने सरहद्दीवर गस्तीसाठी पसंत केली, आणि १९५५ पासून ती मद्रासेत जुळवली जाऊ लागली, मग तिथेच बनू लागली. मूळ विलायती कंपनी १९७०-७१च्या सुमारास बुडाली. मद्रासची शाखा चालू राहिली. हेड ऑफिस बुडून शाखा तरल्याचं हे उदाहरण मी आमच्या मॅनेजरांना सांगितलं. त्यांनी ते दार लावून ऐकलं.

मग क्रूझर नावाची ती आरामखुर्ची जन्माला आली कशी? इथे मला धक्का बसला. माझी समजूत अशी की, कुणा थकल्या-भागल्या, पाठदुखीने जर्जर झालेल्या प्रवाशाची कीव येऊन एखाद्या दयाळू इंजिनिअरने ही बैठक शोधली असणार. तसं काही नाही. दुसऱ्या महायुद्धासाठी हार्लेने सुमारे नव्वद हजार लष्करी गाड्या केल्या होत्या. युद्ध संपलं, त्यांतल्या कितीतरी स्वस्तात विकल्या गेल्या, आणि परतलेल्या पोरांनी त्यांची छाटणी सुरू केली. मडगार्ड काप, हे काढ, ते फेक. गाडी हलकी आणि वेगवान करायची. पुढे वेगाची बाब मागे पडली आणि छाटणी उरली. मग कुणी पुढचा फोर्क लांब केला, कुणी हँडल खांद्याच्याही वर नेलं. १९६९ साली 'ईझी रायडर' नावाचा सिनेमा आला. त्यात दोघेजण असल्या लांब फोर्कच्या गाड्यांवरून अमेरिका पालथी घालतात आणि शेवटी दोघेही मारले जातात. एवढं स्पष्ट बजावूनही लोकांना तशाच गाड्या हव्याशा झाल्या.

दोन वर्षांत, १९७१ साली, हार्लेने स्वतःच मोठ्या गाडीचं धूड आणि छोट्या गाडीचं हलकं तोंड एकत्र करून सुपर ग्लाइड काढली. म्हणजे पोरं जे परसात करत होती तेच कारखान्यात. मग १९७६ नंतर जपानी कंपन्याही त्या वाटेने आल्या: कावासाकी, यामाहा, पुढे सुझुकी, होंडा. १९८४ साली तर हार्लेने कमाल केली. गाडी जुन्या काळासारखी, मागे स्प्रिंग नसलेली दिसली पाहिजे असा गिऱ्हाइकांचा हट्ट, आणि पाठ तर मोडता कामा नये. तेव्हा त्यांनी स्प्रिंगा गाडीच्या पोटाखाली, कुणाला दिसणार नाहीत अशा लपवल्या आणि तिचं नाव ठेवलं सॉफ्टेल. वरून कडक आणि आतून मऊ. आमचे पहिले ब्रँच मॅनेजर असेच होते. रजेचा अर्ज फेकून देत आणि संध्याकाळी सही करून खिशात घालत.

थोडक्यात, क्रूझर आरामासाठी जन्मली नाही. ती दिसण्यासाठी जन्मली आणि आराम तिला मागाहून चिकटला. आणि ज्यांनी खरोखर जग पालथं घातलं त्यांनी ती घेतलीही नाही. १९३४ साली टेरेसा वॉलक आणि फ्लॉरेन्स ब्लेंकिरन या दोघी लंडनहून सहाराचं वाळवंट ओलांडून केपटाऊनला गेल्या. त्यांची गाडी ६०० सीसीची पँथर, बाजूला साइडकार आणि मागे सामानाची गाडी. टेड सायमन १९७३ ते १९७७ अशी चार वर्षं जगभर हिंडला, भारतातही आला, तो ५०० सीसीच्या ट्रायम्फवर.

एवढा इतिहास वाचून कुठलाही शहाणा माणूस सायकल घेऊन मोकळा झाला असता. पण इतिहास वाचून शहाणं होण्याची आपल्याकडे पद्धत नाही.

क्रूझर आपल्या देशात आली त्यालाही एक हकिगत आहे आणि तिच्यात आपला महाराष्ट्र आहे. हार्लेला भारतात यायचं होतं पण धुराचे नियम आडवे येत होते. आणि आपल्या हापूसला अमेरिकेत जायचं होतं पण किडीच्या धास्तीने त्यांनी दार लावलेलं. २००७ साली दोन्ही सरकारांचं जमलं. आंबे लासलगावच्या केंद्रात किरणांखाली धरून निर्धोक करायचे आणि मग अमेरिकेला पाठवायचे. इकडे मोठ्या मोटारसायकलींची वाट मोकळी. कांद्याच्या गावातून आंबा गेला आणि हार्ले आली. आमच्या वाणिज्य शाखेत याला देवाणघेवाण म्हणतात. पुढे २०१०पासून हार्लेची इथे विक्री सुरू झाली, २०२०मध्ये कंपनीने इथला स्वतःचा कारभार आवरला, आणि २०२३मध्ये हीरोच्या साथीने ४४० सीसीची गाडी घेऊन ती परत आली. हापूस मात्र जातो आहे आणि आपल्याला महाग पडतो आहे.

गरिबांची क्रूझर त्याआधीच आली होती. २००१ साली कावासाकी-बजाजची एलिमिनेटर, २००२ साली एन्फील्डची थंडरबर्ड, २००५ साली बजाजची ॲव्हेंजर. २०२० साली एन्फील्डची मीटिअर आली: ३४९ सीसी, वजन १९१ किलो, सीटची उंची ७६५ मिलिमीटर. या शेवटच्या आकड्याला माझ्यासारख्या पाच फूट चार इंची माणसाच्या आयुष्यात फार महत्त्व आहे. सिग्नलला दोन्ही पाय जमिनीला टेकणं म्हणजे काय, हे उंच माणसांना कधीच कळणार नाही.

मग मी गाड्या चालवून बघायला लागलो. कुठल्या दुकानात आणि कुठल्या गाड्या ते सांगत नाही, कारण मला अजून त्याच गावात राहायचं आहे.

पहिल्या गाडीचा फोर्क चांगलाच निजलेला होता. फोर्क जितका निजलेला आणि दोन चाकांमधलं अंतर जितकं लांब, तितकी गाडी सरळ जायला राजी आणि वळायला नाराज. अमेरिकेतल्या सरळ रस्त्यांवर ते फार छान. राजवाड्याकडच्या बोळात मी तिला वळवायला लागलो तेव्हा एका बाजूला भाजीवाली आणि दुसऱ्या बाजूला म्हैस, आणि मला निर्णय घ्यावा लागला. शेवटी म्हशीनेच समजूतदारपणा दाखवला.

दुसऱ्या गाडीवर पाय इतके पुढे होते की मी दंतवैद्याकडे बसल्यासारखा दिसत होतो. पंधरा मिनिटं स्वर्ग. चाळीस मिनिटांनी खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी खड्डा आला आणि मला मानवी शरीरात माकडहाड कुठे असतं ते समजलं. हाडांच्या डॉक्टरांनी नंतर चित्र काढून दाखवलं. पाय शरीराच्या खाली असले की खड्ड्यावर माणूस नकळत पायांवर उचलला जातो आणि धक्का गुडघे खातात. पाय पुढे पसरले की उचलायला काही उरतच नाही. सगळं वजन बुडावर आणि धक्का थेट कण्यात. शिवाय हँडल लांब असेल तर पाठीचं धनुष्य होतं. म्हणून, डॉक्टर म्हणाले, पाय थोडेच पुढे हवेत, कोपरं सैल राहिली पाहिजेत, सीट मऊ नको, रुंद हवी. आणि दर तासाला उतरून चार पावलं चाला. मऊ गादी अर्ध्या तासात दबते आणि खालची फळी लागते. हा मला आमच्या काऊंटरच्या खुर्चीचा अनुभव होताच.

तिसरी गाडी मला पटली. बैठक छान, हँडल हाताशी, पाय जिथे हवेत तिथे. मी बयाणा द्यायचा म्हणून हिला घेऊन दुकानात गेलो. विक्रेता पोरगा उत्साहाने टाकी, दिवे, मीटर दाखवत होता. ही गाडीला प्रदक्षिणा घालून मागे थांबली.

"हे काय आहे?"

"मागची सीट, मॅडम."

"सीट? मला वाटलं, पुसायचं फडकं ठेवायची जागा."

ती चढून बसली. वीतभर रुंदीची गादी, मागे उतरती, धरायला काही नाही, आणि पाय ठेवायच्या जागा इतक्या वर की गुडघे हनुवटीशी. मी पुढे माझ्या रुंद आसनावर महाराजांसारखा रेललेला. दुकानाच्या आरशात आम्हा दोघांचं ते चित्र दिसलं आणि कुणीच काही बोललं नाही. ही उतरली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "छान आहे हो. तुम्ही या जाऊन."

घरी आलो. आई ओट्याजवळ बसली होती. हिने तिला सगळं सांगितलं असावं, कारण मी पाणी प्यायला गेलो तेव्हा आई म्हणाली, "तुझे बाबासुद्धा येझदी आणली तेव्हा आधी टाकीच दाखवत होते."

बाबा एस. टी.त कारकून होते. १९८२ साली त्यांनी जुनी येझदी घेतली. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. मूळ गाडी झेकोस्लोव्हाकियाची जावा, ती म्हैसुरात १९६१पासून बनू लागली आणि पुढे येझदी झाली. तिचं वैशिष्ट्य असं की किक आणि गिअर एकाच दांडीवर. दांडी आत दाबून वर उचलली की किक, सोडली की पुन्हा गिअर. एका नळकांड्याला दोन सायलेन्सर. कारखाना १९९६ साली बंद झाला. मी टाकीवर, बाबा सीटवर, मधे ताई, आणि मागे आई, दोन्ही पाय एका बाजूला घेऊन. एक हात बाबांच्या खांद्यावर आणि दुसऱ्यात डबा.

बाबांना कन्याकुमारीला जायचं होतं. विवेकानंद शिलास्मारक उभारायला एकनाथजी रानडे यांनी देशभरातून वर्गणी गोळा केली, लोकांनी एकेक रुपयासुद्धा दिला. बाबा तेव्हा हायस्कुलात होते. त्यांनीही एक रुपया दिला होता. १९७० साली स्मारक पुरं झालं. "माझा एक रुपया तिथे आहे," ते आईला म्हणायचे, "जाऊन बघून येऊ. येझदीने जाऊ. पुढच्या वर्षी."

पुढचं वर्ष आलं नाही. बाबा २०१४ साली गेले.

"तुम्ही गेला का नाहीत गं कधी?" मी विचारलं.

आई उठली आणि कपाटातून पोस्टाचं एक पासबुक घेऊन आली. मी रोज शंभर पासबुकं प्रिंटरमध्ये घालतो आणि काढतो. दुसऱ्याचं पासबुक वाचायचं नसतं, आकडे फक्त बघायचे असतात, ही माझी सवय. हे मात्र मी वाचलं. पहिल्या पानावर बाबांच्या अक्षरात पेन्सिलीने 'क.कु.' दर महिन्याला दहा, पंधरा, वीस रुपये जमा. आणि मधे मधे एकरकमी काढलेले. प्रत्येक वेळी समोर पेन्सिलीची बारीक नोंद. १९८४, कौलं. १९८८, ताईचं अपेंडिक्स. १९९१, धाकटीचं लग्न. ही धाकटी म्हणजे माझी आत्या. आणि शेवटची नोंद जून १९९७. चि.ची कॉलेज फी.

चि. म्हणजे मी. बी. कॉम., पहिलं वर्ष. शिल्लक वीस रुपये.

बाबांची कन्याकुमारी माझ्या डिग्रीत जमा होती, आणि ती डिग्री मी बावीस वर्षं काऊंटरवर टेकून उभा होतो. मला त्या रात्री काही सुचलं नाही. ही म्हणाली, "झोपा आता, पाठ दुखेल."

दुसऱ्या दिवशी मी नव्याने शोध सुरू केला. या वेळी गाडीकडे मागून बघायचं ठरवलं. तेव्हा लक्षात आलं की मी वाचलेल्या इतिहासात मागच्या सीटचं पान कोरंच होतं. वायमन एकटा, सायमन सुरुवातीला एकटा, बहिणी दोन गाड्यांवर, लंडनच्या दोघी साइडकारमध्ये. डबलसीटचा खरा इतिहास आपल्याच देशात घडला आहे. सबंध संसार आपण त्या मागच्या हातभर जागेवर बसवून नेला. आपल्या सरकारचा तर नियमच आहे. १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३वा नियम सांगतो की मागे बसणाऱ्याला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागचं चाक किमान अर्धं झाकेल असं काही हवं, म्हणजे कपडे चाकात जाणार नाहीत. यालाच आपण साडीगार्ड म्हणतो. हार्लेच्या सगळ्या ग्लाइडांमध्ये साडीचा विचार कुणी केला नव्हता. तो इथे सरकारी कागदावर झाला.

शेवटी जी घेतली ती साडेतीनशे सीसीची. नाव सांगत नाही, कंपनीने मला कमिशन दिलेलं नाही. मागची सीट रुंद, तिला पाठटेका, पायांच्या जागा खाली, बाजूला धरायला मूठ. मागच्या शॉकअपचा ताण दोन माणसांच्या वजनाला लावून घेतला. माझी स्वतःची सीट दुकानातल्या त्या तिसऱ्या गाडीइतकी चांगली नाही. पण हिने मागे बसून अर्धा तास साताऱ्याबाहेर चक्कर मारली आणि उतरताना फक्त "चालेल" म्हणाली. आमच्याकडे याला मंजुरी म्हणतात.

अंगणात गाडी आली तेव्हा आईने हळदकुंकू लावलं. मी म्हटलं, "बस, बघू." एकाहत्तराव्या वर्षी ती माझ्या खांद्याला धरून चढली, दोन्ही पाय एका बाजूला घेऊन बसली, पाठटेक्यावरून हात फिरवला.

"बरं आहे. येझदीला हे नव्हतं." मग म्हणाली, "कन्याकुमारीला तुम्ही दोघं जा. माझे गुडघे आता रेल्वेचे आहेत. मी ताईबरोबर गाडीने येते."

गेल्या जानेवारीत निघालो. हुबळी, तुमकूर, सेलम, मदुराई, असे मुक्काम करत पाचव्या दिवशी पोचलो. चौदाशे किलोमीटर. डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे दर तासाला उतरत होतो. ही दरवेळी कुठे ना कुठे शेंगा, पेरू, नारळ असं काही घेत होती आणि सामानाच्या पिशव्या फुगत होत्या. सेलमच्या पुढे तिने मागून माझ्या पाठीवर डोकं टेकलं. मला वाटलं, काय प्रेम आहे. ती झोपली होती. मागची सीट आरामशीर निघाल्याचा यापेक्षा चांगला दाखला कुठली कंपनी देईल? मी उरलेला घाबरत घाबरत चालवत एका टपरीला थांबलो आणि तिला चहा पाजून जागं केलं.

आई आणि ताई आदल्या दिवशीच रेल्वेने पोचल्या होत्या. सकाळी चौघंजण होडीने शिलास्मारकावर गेलो. वारा फार होता. आईने आधी समुद्र बघितला, मग इमारत बघितली, खालपासून वरपर्यंत, सावकाश. मग मला जवळ बोलावलं आणि हळूच विचारलं, कुणी ऐकू नये अशा आवाजात.

"यातला आपला रुपया कुठला रे?"

मी बँकेतला माणूस. पैसा कुठे जमा आहे हे सांगायलाच मला पगार मिळतो. मी नीट बघून, हिशेब केल्यासारखं करून, एका पायरीकडे बोट दाखवलं.

"ही."

"नक्की?"

"नक्की."

आई त्या पायरीवर बसली. दोन्ही पाय एका बाजूला घेऊन, एक हात बाजूला टेकून, बराच वेळ बसली. ताई तिच्या शेजारी बसली, मग हीही बसली. मला बस म्हणाल्या, पण मी उभाच राहिलो. चौदाशे किलोमीटरनंतर मला बसण्यात काही रस उरला नव्हता.